सगळ्यांना ‘विचारा’ म्हणणारी रजनी

रजनीच्या धाकट्या भावाचा फोन आला, “शैलाताई, अक्का गेली,” आणि मला आधी रडू आलं नाही, राग आला. आदल्याच आठवड्यात चहा पिताना ती छाती चोळत होती. विचारलं तर म्हणाली, “पित्त आहे गं. माझ्या रविवारच्या मुलांचे इंटरव्ह्यू चाललेत, ते आटपले की दाखवते.” नंतर कळलं, दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या, आणि तिने घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती... आता काही आठवडे उलटले, तरी तो राग उतरत नाही.

आम्ही दोघी लिंबायत या कामगारवस्तीतल्या. दोघींचे वडील जळगावकडून गिरणीच्या कामाला सुरतेत आलेले. मी मराठी शाळेत शिक्षिका झाले, रजनी इच्छापोरच्या एका कारखान्यात नोकरभरतीच्या खात्यात लागली. तिथे बसून वर्षानुवर्षं तिने एकच गोष्ट पाहिली: आपल्या भागातली मुलं पदवी घेऊन येतात, पण मुलाखतीत तोंड उघडत नाहीत. म्हणून दर रविवारी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत ती त्यांची तयारी करून घ्यायची. समजावण्यापेक्षा रागवायचीच जास्त. “एकच बायोडेटा सगळीकडे पाठवतोस? कंपनी काय बनवते ते तरी वाचलंस का?” मुलं मान खाली घालायची. त्यावरही ती चिडायची.

प्रणालीच्या वेळी मात्र ती खचलेली पाहिली. प्रणाली बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली. कापड बाजारातल्या एका ऑफिसात मुलाखतीला गेली, तर साहेबाने पत्ता वाचून विचारलं, “लिंबायत? वहाँ से रोज टाइम पर आओगी?” पोरगी गप्पच झाली. नोकरी तिच्या मैत्रिणीला मिळाली. त्या मैत्रिणीने अर्जात मामाचा, चांगल्या वस्तीतला पत्ता लिहिला होता. पत्ता लपवायचा नाही, ही रजनीची ताकीद. प्रणालीची आई तिच्या दारात येऊन म्हणाली, “तुमना खरेपणावर चूल पेटत नही, ताई.”

ती गेल्यावर रजनी मला म्हणाली, “ती बाई खोटं बोलली का, शैला? आमच्याकडेसुद्धा पत्ता बघून अर्ज बाजूला सरकवतात. मी भांडते. दर वेळी जिंकत नाही.” मग पुढचे कितीतरी रविवार तिने प्रणालीला तोच प्रश्न विचारला, साहेबाच्याच सुरात. रडेपर्यंत विचारला. शेवटी प्रणाली ताठ बसून म्हणाली, “हां सर, लिंबायत से. कॉलेज भी वहीं से टाइम पर जाती थी. काम कितने बजे शुरू होता है?” रजनीने टाळी वाजवली. “बघ, आता प्रश्न तू विचारलास!”

दुसऱ्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात प्रणालीला ट्रेनी म्हणून घेतलं. पण पहिला महिना संपायच्या आतच ती राजीनाम्याची भाषा करत रजनीकडे आली. कुणी काम देत नाही, सगळे आपापसात गुजरातीत बोलतात, दिवसभर नुसतं बसून राहायचं. मी तिथेच होते.

“काम कुणी दिलं नाही, की तू मागितलं नाहीस?” रजनीने विचारलं.

“मागितलं तर त्यांना वाटेल, हिला काहीच येत नाही.”

“मग येतंय का?” रजनीचा आवाज चढला. “अगं, ‘मला येत नाही, दाखवा’ हे म्हणायची मुभा नव्या माणसालाच असते. वर्षाने म्हणशील तर हसतील. आत्ता म्हण.”

दुसऱ्या दिवशी प्रणाली शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाली, “मने शिखवाडो ने, बेन.” बाईंनी खुर्ची सरकवून जागा करून दिली. आज तिथलं जीएसटीचं काम प्रणाली एकटी बघते.

आणि हे शिकवणाऱ्या रजनीला स्वतःसाठी एवढं म्हणता आलं नाही, “मला बरं वाटत नाही, चल माझ्याबरोबर.” मी दोन गल्ल्या सोडून राहते! कुणाला सांगू हा राग? बाजारातलं ते ऑफिस अजून पत्ते वाचूनच माणसं निवडतं, आणि अशांशी भांडणारी गेली.

गेल्या रविवारी विहाराच्या खोलीत प्रणाली शिकवायला बसली होती, म्हणून मीही गेले. रजनीची एक खोड होती. कुणी मान खाली घालून आत आलं की ती त्याला दारातूनच परतवायची, “बाहेर जा. पुन्हा ये. नीट बघून ये.” कधी कधी चारचारदा. त्या दिवशी एक नवी मुलगी ओढणीशी चाळा करत, जमिनीकडे बघत आत आली. सगळ्यांच्या नजरा तिच्या झुकल्या मानेवर गेल्या. प्रणाली रजनीच्या जागेवरून उठली, पुन्हा बसली... मुलीने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, रजनीची खोड तिच्याही कानावर असणार, ती समजली, आणि कुणी न सांगता बाहेर गेली. पुन्हा आली तेव्हा तिची मान वर होती.

“बसू का?” तिने विचारलं.