भाऊजींची खात्री

माझ्या ताईचा नवरा कुलूपवाला. किल्ल्या करून देणं, अडलेली कुलपं उघडणं, हा त्यांचा धंदा. कोपऱ्यावरचं दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत शिरलं की भाऊजींना बाहेर उभं राहावं लागतं, असं मी म्हणायचे. "मेहुणीबाई, तुम्ही आत आलात की दुकानालाच बाहेर यावं लागतं," असं ते माझ्या अंगकाठीकडे बघत म्हणायचे. मी तोंडाची फटकळ, आणि ते माझ्या वरताण.

कामात मात्र थट्टा नाही. कोणी येऊन "आत माणूस अडकलंय" म्हणालं, की हातातली कानस तिथेच टाकून पिशवी उचलणार. जेवत असले तर ताटावरून उठणार. दार उघडलं की आतल्या माणसाला पहिलं वाक्य ठरलेलं, "घाबरलात का? आधी पाणी प्या." ताई म्हणायची, माझ्या हाकेला एवढे धावले असते तर संसार सोन्याचा झाला असता.

भाऊजींना जुना दमा. किल्ल्या घासताना उडणारा पितळेचा कीस त्याला पूरकच. गेल्या खेपेला दम्याने फारच जोर धरला, म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. गुणही झटकन आला. धाप थांबली, भूक वाढली, माणूस भराभर बोलायला लागला, दुकानातलं सगळं सामान उपसून पुन्हा लावून झालं. मी ताईला म्हटलं, "मलाही दे गं एक गोळी, माझंही घर आवरून होईल." ताई हसली नाही. "ते झोपतच नाहीत," एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

मग तिचे फोन यायचे बंद झाले. मी केला, तर भाऊजींनी उचलला. "ती कामात आहे," म्हणाले. मेहुणीबाई नाही, टोमणा नाही. "आणि तुम्ही तिला सारखं काय विचारत असता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दाराला बाहेरून तीन कुलपं होती. मी खिडकीची काच वाजवली. ताईने ती बोटभर उघडली.

"ताई, हे काय?"

"हळू बोल. कोणीतरी आपल्या घराच्या किल्ल्या करून घेतल्यात, असं ते म्हणतात. ते गेले की माणसं घरात येतात म्हणे. आणि मीच त्यांना आत घेते म्हणे."

"मारलं का तुला?"

"नाही गं. रात्रभर उशाशी खुर्ची टाकून बसतात. नुसते बघत. मी कूस बदलली तरी विचारतात, कोणाला खूण केलीस?"

"मग सांगायचं नाहीस का मला?"

"काय सांगू? कुलूपवाल्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे एकदा बाहेर गेलं की कोण त्यांच्याकडून किल्ली करून घेईल? गोळ्या सुरू झाल्यापासूनच हे सगळं झालंय. तू जा आता. तू आलेली त्यांना कळलं तर..." तिने काच लावून घेतली.

मी कुलपं ओढून पाहिली. फोडायला लागले असते तर गल्ली गोळा झाली असती. उघडायला कोणाला बोलवावं म्हटलं, तर एकच नाव डोळ्यांसमोर येत होतं. माझी पाचावर धारण बसली, तरी मी दुकानाकडे निघाले.

भाऊजी बाकड्यावर वाकून बसले होते. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या समोर मांडलेल्या, आणि त्यातली एकेक उचलून ते स्वतःच्या घराच्या किल्लीशी दात जुळवून बघत होते. डोळे लाल. मला पाहताच उठून उभे राहिले.

"तिनं पाठवलं तुम्हाला?"

वाटेत मी समजुतीच्या चार गोष्टी ठरवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. तोंडातून भलतंच निघालं, "भाऊजी, आत माणूस अडकलंय."

त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली. पिशवी उचलली. "कुठे?"

"चला, दाखवते."

मी पुढे, ते मागे. त्यांच्या पिशवीतली हत्यारं वाजत होती आणि मी जीव मुठीत धरून चालत होते. ते नेहमीसारखं विचारत होते, "लहान मूल आहे का? गॅस चालू राहिलाय का?"

"बाई आहे. एकटीच आहे. फार घाबरलीय."

त्यांच्या गल्लीत वळलो तशी मागची पावलं मंदावली. मी वळून पाहिलं नाही.

आपल्याच दारासमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले. आता हा माणूस माझ्याकडे वळणार, असं मला वाटलं आणि मी भिंतीला टेकले. त्यांचा हात खिशात गेला. किल्ल्या वाजल्या. हात रिकामाच बाहेर आला. मग ते खाली बसले, पिशवीतून तारा काढल्या, कुलपाला कान लावला आणि परक्याचं घर उघडावं तसं स्वतःचं घर उघडायला लागले. तिसरं कुलूप निघालं. दार ढकललं, तर ताई समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी, दोन्ही हात छातीशी धरून.

"घाबरलात का?" भाऊजी म्हणाले. "आधी पाणी..." आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागले. "मीच लावलीत ही. पण ती माणसं खरंच येतात हो."

तसंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. या गोळ्यांनी काहींची झोप उडते, संशय वाढतो, क्वचित नसलेलं खरं वाटायला लागतं, म्हणाले. "मी आधीच सांगून ठेवायला हवं होतं."

"मग आजच बंद करा!" मी ओरडलेच.

"एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. हळूहळूच उतरवाव्या लागतील."

ताईने माझा हात घट्ट धरला. म्हणजे अजून काही दिवस त्याच माणसाबरोबर, त्याच घरात. मनाच्या डॉक्टरांचंही औषध सुरू झालं आणि मी तिथेच मुक्काम ठोकला. कुलपं माझ्या पिशवीत. भाऊजी कोपऱ्यातून आम्हा दोघींकडे बघत राहायचे. गोळी कमी होत गेली तशी घरात येणारी माणसंही कमी होत गेली. मग एक दिवस भाऊजी बसल्या जागीच झोपले, आणि ताई तोंडात पदर कोंबून रडली.

आता ते बरे आहेत. दाराच्या बाहेरच्या कड्या त्यांनी स्वतः उखडून टाकल्या. परवा मी दुकानात गेले, तर म्हणाले, "मेहुणीबाई, लोक म्हणतात मला संशय आला होता. संशय नव्हता हो. खात्री होती. तुम्ही समोर उभ्या आहात याची आत्ता जेवढी आहे, तेवढी."

त्यांनी कानस ठेवली, हातातली नवी किल्ली फुंकून साफ केली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्यांच्या घराची.

"मला परत कधी तशी खात्री वाटली, तर माझ्याशी बोलत बसू नका. आधी हिला बाहेर काढा."

ती किल्ली मी गळ्यात घालते. ताईने फोन उचलायला जरा उशीर केला, की माझा हात आधी त्या किल्लीकडे जातो.