तिची जागा

मानवतच्या स्टँडवर रसवंतीची घुंगरं वाजली आणि उसाचा वास आला, की मला माझ्या पहिल्या शाळेचं आडवळणाचं गाव आठवतं. दसरा झाला, की दाराला बाभळीचे काटे लावून निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. एका वर्षी अशाच सकाळी भांडी, गोधड्या, कोंबड्या भरून ट्रॅक्टर निघाला होता. तेवढ्यात माझ्या सातवीतली एक मुलगी ट्रॉलीतून उडी मारून धावत वर्गात आली. "बाई, माजं नाव काटू नका. आमी होळीला येनार हाव," म्हणाली आणि आपली वही माझ्या टेबलावर ठेवून गेली. पट घटला तर शाळा बंद पडेल, ही भीती होतीच, म्हणून मी रोज तिच्या नावापुढं 'हजर' लिहीत गेले. वाटायचं, मी तिची जागा राखतेय. दिवाळीनंतर शाळाबाह्य मुलं शोधायला एक साहेब आले, माझं हजेरीपत्रक चाळून "तुमच्याकडं सगळी आहेत की" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. होळीला ट्रॅक्टर परतला, त्यात ती नव्हती. तिची आई दारातले काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "लगीन लावलं, बाई, तिकडंच फडावरल्या कोपीवर. संक्रांतीच्या आदल्या दिशी." मी शाळेत जाऊन पत्रक उघडलं होतं. आता रसवाला गिलास पुढं करतो आणि मी नको म्हणते. लग्नाच्या दिवशीही ती वर्गात हजर होती, माझ्याच अक्षरात.