दफनाच्या दिवशी गेलेला आवाज

जिकरा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहते आणि नोकरीला पेणला जाते. तिथं एका कुरियर ऑफिसात ती पार्सलांच्या नोंदी करते. सकाळी रोह्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. ऑफिसात प्रिंटर अडकला किंवा इंटरनेट गेलं की सगळे आधी तिलाच हाक मारतात. घरीही तसंच. म्हणून त्या दिवशी लॅपटॉपचा आवाज येईना, तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायकांनी तिच्याकडे बघितलं.

लॅपटॉपवर कुवेतचं कब्रस्तान दिसत होतं. तिचे अब्बा, इकबाल, तिथं एका गॅरेजात मेकॅनिक होते. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि ते गेले. मय्यत गावी आणायची तर कागदपत्रांमध्ये बरेच दिवस जाणार होते. अब्बांच्या खोलीत राहणारा तमीम रोह्याचाच. त्याने फोन करून विचारलं, "भाभी, काय करू?"

भाभी म्हणजे शरीफा, जिकराची अम्मी. ती म्हणाली, "तिथंच करा. त्यांना ताटकळत ठेवू नका."

तमीम म्हणाला, मी व्हिडिओवर सगळं दाखवतो. म्हणून जिकराने लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. अब्बांनीच मागच्या सुट्टीत तिला तो आणलेला. बटणांवर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं होती.

"आवाज नाय येत गो," अफशाचाची म्हणाली.

जिकराने बघितलं. आवाज पूर्ण वाढवलेला होता. म्यूट नव्हतं. तमीमचाही माइक चालू दिसत होता. तिने सेटिंग उघडलं. आवाज कुठून यावा त्या जागी 'हेडफोन' लिहून येत होतं, आणि लॅपटॉपला तर काहीच लावलेलं नव्हतं. ते बदलायला गेली, तर यादीत दुसरं नावच नाही. बंद करून परत चालू केला असता, पण मग कॉल तुटला असता. तिकडे माणसं जनाजा खाली ठेवत होती.

"अगो, लवकर कर," चाची म्हणाली.

जिकराने ड्रॉवर उघडून इअरफोन काढले, लावले, एक बोंडी स्वतःच्या कानात घालून बघितली. आवाज होता. माणसांचा, वाऱ्याचा. तिने दोन्ही बोंड्या अम्मीच्या कानात घातल्या. "अम्मी, तू ऐक." मग ती सेटिंगची खिडकी बंद करायला वळली. त्या खिडकीने अर्धा पडदा झाकलेला होता. ती बंद झाली तेव्हा चेहरा दाखवून कफनाची गाठ परत बांधून झालेली होती.

"शांत दिसत होते," मागून कुणीतरी म्हणालं. "झोपल्यासारखे."

जिकराने मान हलवली.

त्या दिवशी ती रडली नाही, आणि नंतरही नाही. घरात माणसं येत राहिली. नातेवाइकांकडून डबे येत होते. जिकरा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायची. तिने आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला आणि परत घातला. अपडेट केलं. अडचण शोधायची जी सोय त्यात असते ती चालवली. बराच वेळ गोल फिरून त्यात उत्तर आलं, कोणतीही अडचण आढळली नाही. तिने तेच परत चालवलं. लॅपटॉपचं सगळं सेटिंग जुन्या तारखेला नेऊन बघितलं. इअरफोन घातला, काढला, घातला, काढला.

"बाप गेलाय आणि पोरगी मशीन घेऊन बसलीय," चाची शरीफाला म्हणाली.

"बसू दे तिला," शरीफा म्हणाली.

का बसते, ते जिकरालाही सांगता आलं नसतं. एक गोष्ट करून झाली की पुढची कोणती ते ठाऊक असायचं, एवढंच. बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. न्हाणीत अंगावर पाणी घेतल्यावर साबण लावला की नाही, हे तिला आठवायचं नाही.

ती कामावर जायला लागली तेव्हा लॅपटॉप पिशवीत घालून सोबत नेला. शरीफा नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत होती, बाहेर पडत नव्हती. ती दारापर्यंत आली फक्त. गाडीत बसायला जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन जिकरा बाहेर बघत बसली, कासू स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही.

पेणला एसटी स्टँडजवळ आदेशचं दुरुस्तीचं दुकान आहे. ऑफिसातले बिघडलेले संगणक त्याच्याकडेच जात, म्हणून तो तिला ओळखत होता. जेवणाच्या सुट्टीत ती तिथं गेली.

"पाणी सांडलं?" आदेशने विचारलं.

"नाय."

"पडला कुठं?"

"नाय."

"मग तू काय काय करून बघितलंस?"

तिने सगळं ओळीने सांगितलं. तो ऐकून हसला. "मग माझ्याकडं करायला राहिलं काय?"

जिकरा हसली नाही. त्याने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, इअरफोनच्या भोकात बॅटरी मारून वाकून बघितलं.

"हे बघ, आतली पट्टी दबून बसलीय. गंज धरलाय थोडा. आपल्याकडची हवाच तशी हाय. याला वाटतंय, इअरफोन लावलेलाच हाय. म्हणून स्पीकरला आवाज सोडतच नाय."

त्याने सुईने ती पट्टी उचलली, कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन आत फिरवलं, थोडा वेळ सुकू दिलं. मग चालू करून एक गाणं लावलं. दुकानभर आवाज झाला.

"झालं. एवढंसं काम. आधी आणायचास की."

"आधी कधी?"

"म्हणजे बिघडला तेव्हाच."

"तेव्हा दफन चालू होतं," जिकरा म्हणाली. पार्सलचं वजन सांगावं त्या आवाजात.

आदेशने गाणं बंद केलं. "कुणाचं?"

"अब्बांचं. कुवेतला."

तो खाली मान घालून स्क्रू बसवायला लागला. एक स्क्रू हातातून निसटून खाली पडला, तो शोधायला टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ तिथंच राहिला. जिकरा उभी होती.

पुढच्या शुक्रवारी तमीमचा फोन आला. तो अब्बांचं सामान बांधत होता. लॅपटॉपचा आवाज आता खणखणीत येत होता. तो एकेक वस्तू समोर धरून विचारायचा.

"भाभी, हा स्वेटर पाठवू?"

"पाठव."

"पान्यांचा सेट? जड होईल."

"कुणाला लागत असेल तर देऊन टाक तिथं."

"उशी?"

"उशी नको."

कॉल संपला. शरीफा पलंगाच्या कडेला बसून राहिली. जिकराने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि विचारलं, "अम्मी, अब्बांचा चेहरा कसा होता?"

"कधी?"

"त्या दिवशी. मी बघितलाच नाय. मी सेटिंगमध्ये होते."

"मी पण नाय बघितला गो," शरीफा म्हणाली. "तू कानात घातलंस, आणि तमीम म्हणाला, भाभी, बघून घ्या. मी डोळे मिटून घेतले."

जिकरा पलंगावर तिच्याशेजारी येऊन बसली.

"मग ऐकलंस काय?" जिकराने विचारलं.

"माणसं बोलत होती. एक जण म्हणत होता, सरका, जरा सावली धरा. तमीम रडत होता. त्याला खोकला पण झालेला, रडता रडता खोकत होता."

"मग?"

"मग फावड्याचा आवाज. खडी असावी मातीत. कुणीतरी म्हणालं, हळू टाका."

"मग?"

शरीफा सांगत गेली. काही गोष्टी तिने दोनदा सांगितल्या. जिकरा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अम्मी थांबली की ती "मग?" म्हणायची, आणि शरीफा पुढचं सांगायची. रात्रीची, इशाची अजान झाली तेव्हा दफनानंतरच्या दुआपर्यंत सांगून झालं होतं. शरीफा नमाजाआधीचा वजू करायला, हातपाय धुवायला उठली. जिकरा जरा वेळ बसली आणि तिच्या मागे गेली.