सीलबंद हातभर दोर

आधीच सांगून टाकतो — भूत कसं करतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी ते दोनदा केलेलं आहे. एकदा धोतर पांघरून आणि एकदा नुसत्या खोकल्यावर. त्या खोकल्यापायी आमच्या कचेरीतले म्हातारे हेडक्लार्क तीन आठवडे रजेवर होते! त्यामुळे तुमच्या या भुताखेतांच्या सदरात पांढऱ्या साड्या नि उलटे पाय वाचले की मी मनातल्या मनात त्या भुताला मार्क देतो. बहुतेक नापास होतात.

तर अशा माणसाची ही हकीकत. यात साडी नाही, पाय नाहीत, रात्रसुद्धा नाही. सगळं घडलं ते दिवसाढवळ्या, सरकारी कपाटात.

मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी महाडला एका कचेरीत सामानाचा कारकून होतो. कचेरीचं नाव विचारू नका. तालुक्यातले रस्ते, मोऱ्या आणि नदीवरच्या तरी, म्हणजे उताराच्या होड्या, यांना जे जे लागेल ते टेंडर काढून घ्यायचं, मक्तेदाराने आणलं की तपासायचं, हे माझं काम. तपासायचं कशाशी? नमुन्याशी. टेंडर भरताना मक्तेदार मालाचा एक नमुना देई. त्याला फीत गुंडाळायची, चिठ्ठी बांधायची, गाठीवर लाख ओतून साहेबांचा शिक्का मारायचा. पुढे माल आला की तो नमुन्यासारखा आहे की नाही एवढंच पाहायचं. करारात काय लिहिलंय ते कोणी वाचत नसे. नमुना बोलेल ते खरं.

हे नमुने ज्या कपाटात असत त्याची किल्ली माझ्या जानव्याला. आत कौलाचा तुकडा, कंदिलाची काच, खिळे, डांबराची डबी, कळीच्या चुन्याचा खडा... माझा छोटासा अजबखाना होता तो. कोणी पाहुणा आला की मी कपाट उघडून एकेक वस्तूची ओळख करून देत असे, जसं काही ते माझे नातेवाईकच.

महाडहून पोलादपूरला जाताना पाचेक मैलांवर सावित्रीच्या पलीकडे एक वाडी आहे. तिला पांगारकोंड म्हणू या, खरं नाव वेगळं आहे. पावसाळ्यात तिथे तर चाले. एका काठावरच्या जांभळीपासून पलीकडच्या दगडी खांबापर्यंत नदीवर एक जाड दोर ताणलेला असे. होडीतल्या माणसांनी तो हाताने धरून ओढायचा, की होडी पलीकडे. धारेला एवढा जोर, की दोर नसेल तर होडी पार खाली दासगावच्या खाडीकडे जायची. तरीवर धोंडू नावाचा तारी होता. पन्नाशीचा, बारीक, बोलायला कंजूष.

त्या वर्षी दोराचं टेंडर गोविंदशेठला मिळालं. नमुना काय सुंदर होता! हातभर मनिला दोर, पिवळाधमक, वास घ्यावासा. मीच साहेबांकडे शेठची तोंडभर तारीफ केली होती. वैशाखाच्या शेवटी मुंबईहून मचव्याने दोराचं वेटोळं आलं. मी पेड उकलून पाहिले, आणि बोटांना तपकिरीसारखी भुकटी लागली. मुंबईच्या गोदीतले जहाजांचे टाकाऊ दोर उसवून नव्याने वळलेले, वरून नव्या काथ्याचा मुलामा.

शेठला विचारलं. तो म्हणाला की परत पाठवा, पण दुसरा यायला पाऊस पडेल, आणि मग होडी कशावर चालवणार ते तुम्हीच साहेबांना सांगा. साहेब दुसऱ्याच दिवशी तपासणीला येणार. शिफारस माझी. नोकरी कायम व्हायची होती ती याच पावसाळ्यानंतर.

इथे मंडळी, मला एक कल्पना सुचली. शेठने सुचवली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही. ती माझीच. आणि सुचली तेव्हा मी खुशीने मांडीवर थाप मारली होती, हेही खरं. माल नमुन्यासारखा नाही ना? मग नमुनाच मालासारखा करू!

मी वेटोळ्याच्या टोकाचा हातभर तुकडा चाकूने कापला. जुन्या नमुन्याची फीत नि चिठ्ठी त्याला बांधली, लाख वितळवली आणि साहेबांचा शिक्का — तोही माझ्याच ड्रॉवरमध्ये असे — दाबून उठवला. मूळ तुकडा घरी नेऊन गाईच्या दाव्याला जोडला.

तपासणी झकास झाली. साहेबांनी दोन्ही शेजारी धरून पाहिलं आणि पास केलं. दोर न्यायला धोंडू आला होता. त्याने तो हातात घेतला, वास घेतला, अंगठ्याने दाबला.

"ह्यो दोर म्हातारा हाय, रावसाब."

"तुला काय त्याचं लग्न लावायचंय, वय विचारतोस ते?" मी म्हटलं. साहेब हसले, शेठ हसला, सखाराम शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. मी फार खूश झालो.

धोंडू हसला नाही. वेटोळं खांद्यावर घेता घेता म्हणाला, "नमुना तुमच्याकडं हाय ना? मग तुमी बघत ऱ्हावा त्येच्याकडं."

आषाढात एकदा कौलाचा नमुना काढायला मी कपाट उघडलं, तर आतून नदीचा वास आला. गढूळ पाणी, शेवाळ, मासळी... तो वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. दोराचा तुकडा ओलाचिंब होता. पिळला तर पाणी गळलं, आणि त्या पाण्यात लाल माती होती. चिठ्ठीवरची शाई पसरलेली. लाखेला धक्का नाही.

सखारामला बोलावलं. त्याने शिडी लावून वर पाहिलं.

"छपराला भोक नाय, रावसाब. आन भोक असतं तर ह्यो गप बसला असता काय?" असं म्हणून त्याने बोट दाखवलं ते दोराला चिकटून असलेल्या कळीच्या चुन्याच्या खड्याकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — या चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो, फुटतो, त्याचं पीठ होतं. आमचा खडा जसाच्या तसा, कोरडा ठणठणीत.

मी तुकडा खिडकीत वाळवला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ओला. मग दोन दिवस मोठा पूर आला, सगळ्या तरी बंद झाल्या. पूर आला की धोंडू दोर सोडून छपरीत गुंडाळून ठेवी. ते दोन्ही दिवस आमचा तुकडा कोरडा. तिसऱ्या दिवशी ओला, आणि दुपारी पोलादपूरकडून आलेला टपालवाला म्हणाला की आज पांगारकोंडची तर सुटली.

आता घाबरायला हवं होतं की नाही? मी खेळ सुरू केला. खरंच सांगतो. कचेरीतल्या चौघांना जमवायचं, कपाटासमोर डोळे मिटून उभं राहायचं, दार उघडून दोराला हात लावायचा आणि नाटकी आवाजात पुकारायचं — "पांगारकोंडची तर... चालू!" संध्याकाळी टपालवाला खरं-खोटं करी. एकदाही चुकलो नाही. सगळ्यांना वाटे की मी त्या दिशेने येणाऱ्या एखाद्या माणसाला फितवलंय, आणि मी ते नाकारत नसे. माझी भूत-कला सर्वांना माहीत होतीच.

एका सोमवारी दार उघडलं आणि खेळ तिथेच थांबला. दोर तीन पेडांचा होता. त्यातला एक तुटला होता. कापलेला नव्हे, ओढ लागून तुटावा तसा, तंतू विस्कटलेले.

मी मंडळींना म्हटलं की आज डोकं दुखतंय.

आता काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. साहेब फिरतीवर होते, आणि अशा वेळी होडी बंद ठेवण्याचा हुकूम 'साहेबांकरिता' म्हणून मी सही करून देऊ शकत होतो. पण हुकुमात कारण लिहावं लागे. दोर खराब, हे कारण लिहिलं की पास कोणी केला, कशावरून केला, आणा तो नमुना. मी सखारामला तोंडी निरोप देऊन धाडलं — दोर जपून वापर म्हणावं. तो संध्याकाळी धोंडूचा जबाब घेऊन आला. दोर वरून बरा दिसतोय, पण माझा भरवसा नाय, मी एका खेपेला दोन माणसांवर घेतच नाय. रावसाबांनी लिहून दिलं तर आत्ता बंद करतो. लोक मला शिव्या देतात, कागद असला तर कागद दाखवीन.

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी हुकूम लिहिला. कपाट उघडून पाहिलं. दुसरा पेडही तुटला होता. तुकडा एका पेडावर जोडलेला होता.

मी टांगा केला. पाऊस थांबला होता, लख्ख ऊन पडलं होतं. महाडच्या बाजाराला निघालेली पलीकडची माणसं काठावर खोळंबली होती. धोंडू दोन-दोन करून आणत होता आणि बाकीची त्याला बोल लावत होती. एक बाई ओरडून म्हणाली, "धोंडू रे, आमी बाजाराला निघालोत का तुझ्या बाराव्याला?" सगळे हसले.

मी जांभळीपाशी गेलो. दोर पाहिला. हाताने दाबला, कानाशी धरला. पाण्याने फुगलेला, घट्ट, तिन्ही पेड शाबूत. पार नदीच्या मध्यापर्यंत नजर लावली, कुठे एक तंतू सुटलेला नाही. आणि मग मला माझीच लाज वाटली. मी, भुतांना मार्क देणारा, एका कपाटातल्या चिंधीवर विश्वास ठेवून पाच मैल आलो होतो! पंचवीस-तीस माणसांची बाजाराची वाट बंद करायची, स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडायचं — कशासाठी? कारण आमचं कपाट दमट आहे?

हुकूम कोटाच्या खिशातच राहिला.

धोंडू होडीतून माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला. त्याने मान डोलावली. मी टांग्यात बसलो आणि परतीच्या वाटेवर शीळ घातली, हे मला स्पष्ट आठवतं.

महाडला पोचलो तेव्हा अडीच वाजले असतील. टोपीसुद्धा न काढता कपाट उघडलं. तुकड्याचे दोन तुकडे झाले होते. एक अर्धा फितीत अडकून होता, दुसरा खाली फळीवर. त्याच्याखाली पाण्याचं थारोळं. शेजारी चुन्याचा खडा, कोरडा.

बातमी चारच्या सुमारास आली. दोर मध्यावर तुटला होता. होडीत धोंडू धरून सात जण होते. चौघे खालच्या वळणावर करंजाच्या झाडांना अडकले, ते वाचले. दोघं नवरा-बायको दुसऱ्या दिवशी मिळाली. धोंडू तिसऱ्या दिवशी. त्याच्या दोन्ही मुठींत दोर होता. सोडवताना बोटं उलगडावी लागली असं म्हणतात.

चौकशी झाली. साहेबांनी सर्वांसमक्ष नमुना मागवला. मी तो आणून टेबलावर ठेवला. त्यांनी लाख पाहिली — शाबूत. तुटलेला तुकडा नदीतून आणलेल्या दोराशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच कुजके.

"नमुनाच हलका होता," ते म्हणाले. "माल नमुन्याप्रमाणे आहे."

तसं लिहिलं गेलं. मक्तेदाराचा दोष नाही, तपासणाऱ्याचा नाही, कोणाचाच नाही. पावसाळ्यानंतर मी कायम झालो.

त्याच्या आधी, श्रावणात, धोंडूची बायको कचेरीत आली. तरीवरचा सरकारी कंदील आणि वल्हं परत करायला आली होती. सामान परत घेताना नमुन्याशी ताडून पाहायचं, हा नियम. मी कपाटातून कंदिलाची काच काढली नि तिच्या काचेशेजारी धरली. तिने काच राखेने घासून लख्ख केली होती. पावती हातात घेतल्यावर ती म्हणाली,

"रावसाब, तुमचे उपकार हायत. लय भ्यायचे वो ते त्या दोराला. रात्री झोप नाय. त्या दिवशी दुपारी घरी भाकर खायला आले तर तोंडावर हसू. म्हनाले, रावसाब सोता येऊन बघून गेले, आता दोराला काय नाय. तवा कुठं त्यांनी होडी भरली."

टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी ही गोष्ट आजवर एकाच माणसाला सांगितली, आमच्याकडच्या शाळेतल्या एका शास्त्राच्या मास्तरांना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलगडा केला. जहाजाचा जुना दोर म्हणजे वर्षानुवर्षं समुद्रात मुरलेला, मिठाने भरलेला. मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून तो पावसात भिजे, मध्येच हवा बदलली की कधी वाळे. आणि कुजका दोर सततच्या ओलीने तुटणारच. इकडे काय नि तिकडे काय, दोघांचं वय एकच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना जेवायला बोलावलं. लाल मातीचं त्यांना विचारायचं मी मुद्दामच विसरलो.

पण जेवण झाल्यावर मी त्यांना ते दोन तुकडे दाखवले. मक्ता संपल्यावर नमुने जाळतात, ते मी जाळले नव्हते. घरी, स्वयंपाकघराच्या फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवले होते. आषाढच होता. भिंतींना ओल फुटली होती, बरणीतल्या मिठाचं पाणी झालं होतं, मास्तरांच्या खिशातली काडेपेटी पेटेना.

दोर कोरडा होता. हातात कुरकुरला. त्या दिवशी अडीच वाजल्यापासून तो पुन्हा कधीही भिजलेला नाही. मास्तरांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला, परत जागेवर ठेवला, आणि छत्री शोधू लागले.