मुसकं

"आ कर."

देशमुखांच्या गोठ्यापुढचं अंगण. मी उभी. वय असेल दहा-अकराचं. पुढे दाजी, देशमुखांचा बैल पारखणारा माणूस. मोताळ्याच्या बाजारात बैल घ्यायचा झाला की देशमुख त्याला सोबत नेत. तो बैलाचा जबडा फाकवायचा, दात बघायचा, वय सांगायचा. बैलाच्या तोंडात तो खुशाल हात घाली. माझ्या तोंडाला त्यानं हात लावला नाही. मी महाराची. त्यानं काठीच्या टोकानं माझी हनुवटी वर केली.

मी आ केला.

"चारदाती हाये का जुळली बे?" मागून एक गडी ओरडला. बैलाचं वय असंच मोजतात, सगळे दात आले की जुळला म्हणतात. सगळे हसले. दाजीही हसला. ओट्यावर मालकीणबाई बसल्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

"दिसते का काही?" त्यांनी विचारलं.

"दात पुढं हायेत जी हिचे. ताईसारखेच."

दाजीच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो. त्यानं मान खाली घातली, काठी मात्र माझ्या हनुवटीखाली तशीच ठेवली.

ताई म्हणजे शालूताई, देशमुखांची मुलगी. माझ्याच वयाची. दात पुढे. माझेही पुढे. मला सगळे दातरी म्हणायचे आणि तिथंच विषय संपायचा. तिचे दात मात्र साऱ्या घराच्या काळजीचे होते, कारण अमरावतीचं स्थळ येणार होतं; तेव्हा त्याच वयात लग्नं व्हायची. मलकापूरहून रेल्वेत बसवून तिला नागपूरला नेलं. तिथल्या दाताच्या डॉक्टरनं तिच्या टाळूच्या मापाची लालसर पट्टी करून दिली. पुढून तार. ती तोंडात घालायची, काढायची, परत घालायची. गडी तिला मुसकं म्हणायचे. डवऱ्याच्या, म्हणजे कोळपणीच्या, बैलानं उभं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. ताईच्या पाठीमागे म्हणायचे, तोंडावर कोण म्हणेल?

डॉक्टरनं काय काय सांगितलं ते आमच्यासारख्या अंगण झाडणाऱ्यांनाही पाठ झालं होतं. जेवताना पट्टी काढायची. मऊ ब्रशनं धुवायची, थंड पाण्यात. गरम पाणी लावायचं नाही, वाकडी होते. तोंडात नसेल तेव्हा पाण्यात बुडवून ठेवायची. आणि पट्टी घालून रोज मोठ्यानं वाचायचं, म्हणजे जीभ वळते.

हे मोठ्यानं वाचणं ऐकायला घरात कोणाला सवड नव्हती. तिच्या तोंडून 'स' निघायचा नाही, 'थ' निघायचा. भाऊ वेडावून दाखवायचे. मग ती पुस्तक घेऊन मागच्या पायरीवर बसू लागली. मी गोठ्यातलं शेण काढत असायची.

"तू ऐक वं," ती म्हणाली. "पण तिकडं लांब बस."

मी लांब बसले. ती वाचायची आणि विचारायची, "आता बराबर आलं का?"

"नाही जी. थाखर म्हटलं तुमी."

ती हसायची. मीही हसायची. मी 'साखर' म्हणून दाखवायची, ती माझ्या तोंडाकडे बघून तसं म्हणायची. त्या पट्टीचा फास जिभेला कुठं बसतो, कोणती तार टोचते, सगळं ती मला सांगायची. मला वाटायचं, आमचं दोघींचं काही तरी आहे. खरंच वाटायचं.

अमरावतीचे पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. पट्टीचं त्यांना काही सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतरचं लग्न ठरलं, तोवर दात बसतील असा हिशेब होता. मग पंगती झाल्या. बायकांची पंगत शेवटी. ताईनं जेवायला पट्टी हळूच काढली आणि आईजवळ पाण्याची वाटी मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, तोंडातली वस्तू ती, उष्टी, तिची वाटी पंगतीत नको. हे मला वाढणाऱ्या बाईनं पुढे सांगितलं. तेव्हा ताईनं पट्टी आपल्याच पत्रावळीच्या कडेला ठेवली. तेवढ्यात पाहुण्या बायकांनी तिला हाक मारली. ती पत्रावळ दुमडून उठली.

पत्रावळी भिंतीपलीकडे उकिरड्यावर गेल्या. तिथं आम्ही बसलेलो होतो. त्या घरच्या उष्ट्या पत्रावळी आमच्या वाट्याच्या. याला आमची माणसं हक्क म्हणायची. माय भात वेगळा काढत होती, पुऱ्या वेगळ्या. माझ्या बोटाला तार लागली.

"माय, हे ताईचं मुसकं."

माय घाबरली. "ठिव तिथंच. पाहू नको तिकडं."

"वाळून जाईन ना ते. कावळा नेईन. ताईचं लगीन हाये."

मी ती पट्टी आमच्या घागरीतल्या थंड पाण्यानं धुतली. एका खापरात पाणी घातलं, त्यात ती ठेवली आणि मागच्या दाराशी जाऊन हाक मारली. तोंडात घालणं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्याच्या थुंकीतली वस्तू. कोण घालेल?

ताई धावत आली. हात पुढे केला. तिचा चेहरा केवढा फुलला होता!

"हात नको लावू!" मालकीणबाई ओरडल्या.

खापर अंगणात राहिलं. आधी त्यावर गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं त्यांचं मन भरेना. मग चुलीवर पातेलं चढलं.

"आई, डॉक्टरनं सांगतलं, गरम पाणी लावाचं नाही," ताई म्हणाली.

"थंड पाण्यानं विटाळ जाते का?"

काडीनं उचलून पट्टी उकळत्या पाण्यात टाकली. बाहेर निघाली ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी. ताईच्या टाळूला बसेना. ती रडायला लागली. घरात धावपळ. देशमुख चिडले, कोणी केलं म्हणून विचारू लागले. स्वतःच्या हातानं उकळली असं मालकीणबाई कशा सांगणार? त्यांनी सांगितलं, "महाराच्या पोरीनं तोंडात घातली होती. तिच्या जबड्याची झाली ते."

म्हणून मला अंगणात उभं केलं. म्हणून दाजीला बोलावलं. माझा जबडा पारखायला.

"कबूल कर," मालकीणबाई म्हणाल्या. "हो म्हटलं त दोन छड्या अन् सुटली. नाही म्हटलं त तुमच्या घरातलं कोणीबी या दाराशी याचं नाही."

माय भिंतीशी हात जोडून उभी होती. तिला हे घर सुटलं की काय होईल ते माहीत होतं. बापाच्या एकट्याच्या मजुरीत आमची चूल रोज पेटत नव्हती.

"म्हण ना माय," ती मला म्हणाली. "हो म्हणून टाक. काय जाते तुयं?"

मी दाराकडे पाहिलं. दारात शालूताई उभी होती. तिला सगळं माहीत होतं. पातेलं तिच्यादेखत चढलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. एवढा 'साखर' शब्द मी तिला शिकवला, एक 'नाही' म्हणायला काय लागतं? ती पायाच्या अंगठ्यानं उंबरठा उकरत राहिली. तिच्या तोंडात तेव्हा मुसकं नव्हतं.

तेव्हा माझ्या आत काही तरी पेटलं. भीती होती, खूप होती. तरी शब्द बाहेर पडले.

"म्या नाही घातली. पाणी तुमी उकळलं."

पहिली काठी पाठीवर बसली. काठीला विटाळ होत नसतो. दाजी म्हणाला, "आ कर." मी तोंड मिटलं. "आ कर म्हटलं ना वं!" मी जबडा आवळला. त्यानं काठीचं टोक ओठांवर दाबलं, मग हाणलं. तोंडात रक्त आलं. समोरचा दात मातीत पडला. पुढे आलेला होता, तोच.

मायनं मला ओढत घरी नेलं. रस्ताभर ती मला शिव्या देत होती आणि रडत होती.

पुढे काय झालं? काही नाही. नागपूरहून नवीन पट्टी आली. दिवाळीनंतर ताईचं लग्न झालं. वाजंत्री आम्ही घरात बसून ऐकली. ते दार आम्हाला बंद झालं. माय दुसऱ्या आळीत झाडायला जाऊ लागली, तिथं शिळी भाकर मिळायची, तीही रोज नाही. हिवाळाभर नुसती अंबाडी उकडून खाल्ली. त्या उकिरड्यावर दुसऱ्या कोणाची माय, दुसऱ्या कोणाची पोर बसू लागली. माझी माय मरेपर्यंत म्हणायची, "एक हो म्हटलं असतं त काय बिघडलं असतं?" तिला मी कधी समजावू शकले नाही. ती उपाशी होती आणि मी खरं बोलले होते, दोन्ही एकाच घरात होतं.

मला न्याय मिळेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. अंगण त्यांचं, काठी त्यांची, गावही त्यांचंच. मी बोलले म्हणून त्यातलं काडीभर हललं नाही.

दात गेला तेव्हापासून 'साखर' म्हणायला गेले की माझ्या तोंडून 'थाखर' निघतं. मला कोणी नागपूरला नेणार नाही. पोरं वेडावतात. वेडावू देत. मोठ्यानं बोललं की जीभ वळते, हे मी त्याच पायरीसमोर ऐकलं आहे. वळली नाही तर बोबडी बोलेन. पण कोणी आ कर म्हटलं म्हणून हे तोंड पुन्हा उघडणार नाही. माझं मला बोलायचं असेल तेव्हा उघडेन, आणि जो समोर असेल त्याला आधी तेच सांगेन.

म्या नाही घातली. पाणी तुमी उकळलं.