पोरीचा हात पुरेल अशी कडी

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसले होते. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून हा उद्योग तिनेच माझ्या मागे लावून दिला होता. फोनवर तिची भाची रडत होती, "सिस्टर, मावशी गेली... झोपेतच." मला आधी रागच आला. त्याच आठवड्यात आम्ही दोघी कडाकडा भांडलो होतो. "मी गेल्यावर तुमी लोक ती कडी परत वर घेनार, बघशील तू," असं ती म्हणाली होती आणि मी म्हटलं होतं, "तू कुठे निघालीस एवढ्यात?" मग नेहमीसारखा चहा झाला होता. भांडण अर्धवट सोडून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून आज काही आठवड्यांनी मीच ते पुरं करायला बसले आहे.

मी भिवंडीतल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. वनिता जवळच्याच दापोडे गावची, घरच्या शेतावर गोदामं उठली आणि ही त्याच गोदामांत पॅकिंगला जायची. लहानपणी ओळखीच्याच माणसाने कामाचं आमिष दाखवून तिला नेलं आणि विकलं. त्यापुढचं ती मोजक्या शब्दांत सांगे. मीही तेवढंच सांगते. पोलिसांनी सोडवून आणल्यावर तीच कहाणी तिला प्रत्येक टेबलापुढे नव्याने सांगावी लागली, आणि मधल्या वेळात तिच्याच भल्यासाठी म्हणून खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी. "नेलं त्यांनी भायेरनं कडी लावली, सोडवलं त्यांनीबी भायेरनंच," ती म्हणायची. हे सांगताना ती रडत नसे, चिडत असे. मला ती आवडली ती त्या चिडण्यामुळे.

तशाच विळख्यातून सुटलेल्या बायका तिने हळूहळू गोळा केल्या. लूमवाल्यांच्या वस्तीतली शबाना त्यात पहिली. अशा मुलींचा जबाब घेण्यासाठी दवाखान्यात वेगळी खोली करायचं ठरलं, तेव्हा दोघी बैठकीत येऊन ठाण मांडून बसल्या. "आमाला हार घालायला बोलवू नका, खोली करताना बोलवा," वनिताने दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना सुनावलं. एकीने विचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि पोरीने एकदाच सांगायचं, हे त्यांनी भांडून मान्य करून घेतलं. आम्ही मात्र हौसेने भिंतींवर ससे रंगवले, टेडी आणला आणि मोठ्या ऐटीत तिला खोली दाखवली. तिने सशांकडे ढुंकून पाहिलं नाही. दाराची बाहेरची कडी हलवून म्हणाली, "ही काढा." मग आतल्या कडीपाशी चक्क गुडघ्यांवर बसली, हात वर केला... बोटं पुरेनात. "हितं पायजे," तिने खाली बोट ठेवलं. सुताराने माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. साहेब म्हणाले, "अहो, मुलीने आतून लावली आणि उघडलीच नाही तर?" वनिता म्हणाली, "तर बसायचं भायेर. तिच्यासाठी कुनी थांबलेलं तिनं कधी पाह्यलंच न्हाय." काळजीपोटी दाराला काच बसवावी, हे माझं म्हणणं तिने बऱ्याच कुरकुरीनंतर ऐकलं. कडी मात्र खालीच बसली.

पहिल्याच मुलीने आत जाऊन धाडकन कडी लावली. वनितासुद्धा बाहेरच राहिली! आता हिची फजिती होणार, असं मला वाटलं. नव्याने आलेल्या पोलीस मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. दार ठोठावायला त्यांनी हात उचलला तो वनिताने अलगद धरला आणि दारासमोरच्या फरशीवर फतकल मारली. पिशवीतून चणे काढले, आम्हालाही दिले. मी काचेतून मुलीवर नजर ठेवून चणे खात राहिले. बऱ्याच वेळाने कडी वाजली, दार किलकिलं झालं.

"आप लोग गये नहीं?"

"नहीं बेटा. तेरे लिए ही बैठे हैं."

मुलीने वनिताच्या हातातल्या चण्यांकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. त्या दिवशी ती जे बोलली ते तिला पुन्हा कुणापुढे उगाळावं लागलं नाही.

परवा मी वनिताची चपलांची जोडी आणायला दवाखान्यात गेले. खोलीत अनवाणीच जायची तिची सवय, म्हणून एक जुनी जोडी दाराशी कायमची असे. जाताना जीव धास्तावला होता. रंगकाम झालेलं कळलं होतं. कडी वर घेतली असेल तर कुणाकुणाला काय बोलायचं, हे रिक्षातच घोकत होते. पोचले तर दार आतून बंद. समोर फरशीवर शबाना बसली होती, आणि तिच्या शेजारी, टोपी मांडीवर ठेवून, त्याच पोलीस मॅडम.

"पोरगी आत आहे?" मी हळूच विचारलं.

"हो. उघडेल ती," मॅडम म्हणाल्या आणि माझ्यासाठी जरा सरकल्या.

काचेतून बारकीशी आकृती दिसत होती. कडी होती तिथेच होती. मी चपला उचलल्या, मग परत दाराशी ठेवल्या आणि गुडघे सांभाळत त्यांच्याजवळ खाली बसले.