साहेबांची टीम हरली म्हणून

देवरुखच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एस.टी.च्या खिडकीतून आमसुलांची पिशवी आत सारली आणि म्हणाले, "सुमीच्या लग्नात आईच्या जागी तूच उभी राहायचीस." सुमी माझी धाकटी बहीण, आणि आईला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. मी येणार म्हणजे येणारच, असं सांगून दुबईला आले. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट ही.

अल कुसैसला एक खोली, किचन दुसऱ्या कुटुंबाबरोबर शेअरिंगमध्ये. आमचे हे देऱ्यात एका ट्रेडिंग ऑफिसात क्लार्क. मॅनेजर अमेरिकन. आम्हा दोघांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात. तेव्हा सगळीकडे तशीच पद्धत, आणि तुम्ही-आम्ही सगळे ती मुकाट्याने चालवून घेत होतो. सुट्टी मागायची तर साहेबांचा मूड बघून. आणि मूड कशावर, तर बेसबॉलवर. त्यांच्या गावच्या टीमची मॅच झाली की सकाळी अमेरिकेहून त्यांच्या भावाचा फॅक्स यायचा. टीम जिंकली असेल तर सुट्टी मंजूर. हरली असेल तर केबिनकडे कोणी फिरकायचं नाही. आता सांगा, आमची लग्नंबारशी कुठल्या चेंडूला बांधून ठेवलेली.

सुमीचं लग्न वैशाखात ठरलं. हे सुट्टी मागणार त्या सकाळी फॅक्स ह्यांच्याच हातात पडला. चौकटींची रांग, प्रत्येकीत धावा, आणि साहेबांच्या टीमच्या शेवटच्या चौकटीत फुली. फुली म्हणजे चूक, हे आपल्याला पहिलीपासून ठाऊक. फुली दिसल्यावर बेरीज बघतंय कोण? ह्यांनी ठरवलं, हरले. साहेब दिवसभर शीळ घालत होते, तरी हे मला घरी येऊन सांगतात, "राग दाबतोय गं तो. आज नको म्हटलं."

पुढच्या मॅचच्या फॅक्सवर फुली नव्हती. हे खुशीत केबिनमध्ये गेले. साहेबांनी मान वर केली नाही. शिपमेंट येतंय, नो लीव्ह, खलास.

सुमीचं लग्न मी फोनवर ऐकलं. मागे सनई, कोणीतरी ओरडतंय, मुलीच्या आईला बोलवा. शेवटी चुलतकाकू उभी राहिली. अण्णा एवढंच म्हणाले, "तुझी वाट बघून मुहूर्ताला पाच मिनिटं उशीर केला."

पुढे बऱ्याच वर्षांनी लेकीने शाळेत तो खेळ शिकल्यावर कोडं सुटलं. "ममा, एक्स म्हणजे ती टीम ऑलरेडी जिंकलेली. मग शेवटची बॅटिंग करायची नीडच नसते." म्हणजे फुलीच्या दिवशी साहेबांची टीम जिंकली होती, आणि हे केबिनमध्ये गेले त्या दिवशी हरली होती. ऐकून हे पोट धरून हसले. आता मंडळात, गणपतीत, सगळीकडे हाच किस्सा. लोक ह्यांना आग्रह करकरून सांगायला लावतात. मी मात्र ताटं उचलते आणि आत जाते. ह्यांची फुली चुकली, कबूल. पण ती बरोबर वाचली असती तरी काय, माझ्या बहिणीच्या लग्नाला मी एका परक्या टीमच्या मेहेरबानीनेच गेले असते ना? ह्यात गंमत कुठे आहे, मला कोणी तरी समजावून सांगा.

सुमे, तू कधी बोलून दाखवलं नाहीस. गेल्या वर्षी तुझ्या मुलीचं केळवण होतं, तेव्हा मी कोणाला न विचारता, न कळवता आले. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "हात धू आणि पानं वाढायला घे." माझं घर कुठलं, असं इथे दुबईत अजून कोणी ना कोणी विचारतं. मी तुझं ते वाक्य सांगते.